डावीकडची जागा

फोन आला तेव्हा मी ओले काजूगर सोलत बसले होते. चीक लागू नये म्हणून हातांना खोबरेल चोपडलेलं, त्यामुळे फोन हातातून निसटत होता. मंडणगडहून भावोजींचे जहाजावरचे जुने स्नेही बोलत होते. त्यांच्या मुलाच्या लग्नासाठी भावोजी आदल्याच दिवशी एसटीने तिकडे गेले होते. "वहिनी, अरविंद गेला हो," ते म्हणाले. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "गाडीत आणखी कोण होतं?" ते सावकाश म्हणाले, "गाडीत नाही, वहिनी. घरात. झोपेतच गेला. सकाळी चहाला उठवायला गेलो तर उठलाच नाही." मी "बरं" म्हटलं. झोपेत गेले हे ऐकून आधी सुटल्यासारखं वाटलं आणि दुःख मागाहून आलं. आता या गोष्टीला काही आठवडे झाले, तरी तो प्रश्न मी का विचारला हे मंडणगडच्या त्या भल्या माणसाला मला सांगता आलेलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

अरविंद माझे धाकटे दीर. तरुणपणी जहाजावर इंजिनरूममध्ये होते, त्यामुळे वर्षातले बरेच महिने घरात त्यांची फक्त पत्रं आणि परदेशी साबणाचा वास असायचा. माझे यजमान श्रीकांत, म्हणजे त्यांचे दादा, कोर्टात कारकून. एक दर्यावर, एक टेबलापाशी. पण दोघांना वेड एकच, मोटारीचं. कुठल्याशा बंदरावर भावोजींनी पोरांनी स्वतः बनवलेल्या गाड्या पाहिल्या होत्या. जुनीपानी मोटार घ्यायची, बॉनेट काढून टाकायचं, इंजिन उघडं ठेवायचं, छप्पर कापून खाली आणायचं आणि हाताला लागेल त्या वस्तूने ती सजवायची. हॉट रॉड म्हणतात म्हणे तिला. सुट्टीवर आले की ओटीवर बसून भावोजी हे सगळं हातवारे करून सांगायचे आणि हे एखाद्या लहान मुलासारखे ऐकायचे. "दादा, आपण एक करू." "करू की." हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला होता, की मला तो अथर्वशीर्षासारखा पाठ झाला होता.

भावोजींनी जहाज कायमचं सोडलं त्या वर्षी यांना मालगुंडात एक जुनी मोटार मिळाली. एका डॉक्टरांच्या आवारात माडाखाली कित्येक वर्षं उभी होती. दोघे भाऊ सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन तिकडे जायचे, दिवसभर खटपट करायचे आणि ग्रीसने माखून परत यायचे. शेवटी ती सुरू झाली. ती घरी यायची होती त्या संध्याकाळी मी निरांजन, कुंकू, नारळ असं तबक तयार करून दारात ठेवलं होतं. आमची मुग्धा तेव्हा शाळेत होती, ती फाटकावर चढून बसली होती. भावोजी चालवत होते, हे डावीकडे बसले होते. आरे-वारेच्या रस्त्यावर एका वळणाला म्हशी आडव्या आल्या. भावोजींनी गाडी वळवली आणि तिची डावी बाजू रस्त्याकडेच्या गडग्यावर, चिऱ्याच्या बुटक्या भिंतीवर, आदळली. भावोजींची गळ्याजवळची हासळी मोडली... आणि हे तिथेच गेले. तबक किती वेळ दारात होतं आणि कोणी उचललं, मला आजही माहीत नाही.

गळ्यातली हाताची झोळी सुटल्यावर भावोजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "वहिनी, मी दुसरीकडे खोली बघतो. रोज माझं तोंड बघायची शिक्षा तुम्हाला नको." खरं सांगायचं तर त्यांचं तोंड मला बघवत नव्हतंच. पण ते गेले असते तर यांना लहानपणापासून ओळखणारं त्या घरात कोणी उरलं नसतं. मी म्हटलं, "तुम्ही गेलात तर यांच्याबद्दल मी बोलणार कोणाशी?" ते राहिले. बोलणं मात्र पुढे कितीतरी दिवस झालंच नाही. जेवायला वाढलं आहे, वीजबिल भरलं आहे, मुग्धाची परीक्षा आहे, एवढंच.

मग एके दिवशी ते टेम्पोतून ती गाडी घेऊन आले आणि परसात फणसाखाली उतरवली. डावी बाजू पूर्ण आत गेलेली, काच नाही, दार नाही. मी मागच्या पायरीवर उभी राहून विचारलं, "ही इथे कशाला?" ते म्हणाले, "भंगारात दिली तर कापतील, वहिनी." त्यांनी तिच्यावर ताडपत्री टाकली. पुढची काही वर्षं भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ती ताडपत्री माझ्या डोळ्यांसमोर असायची. वारा आत शिरला की ती फुगायची, बसायची. आत कोणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं आणि मी पाठ फिरवून उभी राहायचे.

मुग्धा शिकायला पुण्याला गेली आणि घर एकदम मोठं झालं. त्यानंतर कधीतरी दुपारची ठोकाठोक सुरू झाली. भावोजींनी ताडपत्री काढली होती. गाडीचे खरे भाग कुठे मिळत नव्हते, मिळाले तरी त्यांना नको होते. बाजारातल्या अब्बासभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात ते तासन्‌तास उभे राहायचे. अब्बासभाई मला एकदा म्हणाले, "वहिनी, हा माणूस कपाटाच्या मुठी नेतो, बिजागऱ्या नेतो, पडद्याचे रॉड नेतो. म्हटलं बंगला बांधतोस काय रे? तर गप्प हसतो." कपाटाच्या मुठी दारांना लागल्या. पडद्याचा रॉड काचेच्या चौकटीला लागला. खिडक्यांच्या गजांना देतात तो तांबडा रंग सगळ्या अंगाला लागला. वरचा चकचकीत रंग त्यांनी दिलाच नाही. दुधाच्या किटलीची पेट्रोलची टाकी झाली. सीटमध्ये काथ्या भरला, तो नाचणे गावच्या एका गादीवाल्याकडून. मग हळूहळू ते माझ्या स्वयंपाकघराकडे वळले. दारातच उभे राहायचे, आत यायचे नाहीत. "वहिनी, हे लागतं का?" भांड्यांची जुनी स्टीलची मांडणी अशी गेली आणि रेडिएटरसमोर जाळी होऊन बसली. दोन खोलगट कुंडे दिव्यांच्या मागे लागले. मोदकपात्रातली भोकांची थाळी इंजिनाच्या डोक्यावर बसली, हवा तिच्यातून आत जायची. नवीन मोदकपात्र दुसऱ्या दिवशी ओट्यावर असायचं, न सांगता.

एक दुपार मात्र वेगळी होती. मी पडवीत आडवी झाले होते. परसातून भावोजींचा आवाज आला, "दादा, जरा धर." मग ठोकणं थांबलं. कोणाला तरी काहीतरी धरायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ शांतता... मग "हां, बस. सोड आता." मी उठले नाही. अंगावर काटा आला होता, पण भीती वाटली असं म्हणता येणार नाही. पुढे ते रोजचंच झालं. "दादा, पाना." शांतता. "दादा, हे वाकडं दिसतंय का?" शांतता. त्या शांततेत मीही कान लावून पडलेली असायचे. एकदा तर ती शांतता संपल्यावर भावोजी हसले, आणि मला हेवा वाटला. काय बोलले असतील हे?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते दारात येऊन उभे राहिले आणि कधी नव्हे ते चाचरले. "वहिनी, दादाचं ताट मिळेल?" यांचं जेवायचं ताट मी फडताळात वरच्या कप्प्यात उपडं घालून ठेवलं होतं. त्यात कोणी जेवत नव्हतं आणि मी ते कोणाला देतही नव्हते. उत्तराची वाट न बघता ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी ताट चिंचेने लख्ख घासलं आणि मागच्या पायरीवर ठेवलं. संध्याकाळी बघते तर चालकासमोरच्या फळीत ते बसवलेलं होतं, मधोमध भोकं पाडून त्यात वेगाचा आणि पेट्रोलचा काटा. कडा तशीच राखलेली. ज्या कडेला हे चटणी वाढून घ्यायचे, तिथे आता किल्ली फिरत होती.

गाडी सुरू झाली त्या दिवशी वाडीतली माणसं कुंपणाशी जमली. दिसायला ती सुंदर नव्हती. बुटकी, तांबडी, पुढून सगळी आतडी दिसणारी. कागदोपत्री ती अपघातातच संपलेली होती, तिला नंबर नव्हता आणि मिळणारही नव्हता. भावोजींना ते ठाऊक होतं, म्हणून ते रविवारी उजाडताना फक्त आतल्या रस्त्याने एक फेरी मारून यायचे. नसलेली गाडी आणि एकटा माणूस. त्यांनी तिच्यात एकच सीट बसवलं होतं. डावीकडे नुसता पत्रा. मी ओटीवरून बघायचे. फाटकाशी ते ब्रेक दाबायचे आणि प्रत्येक वेळी त्यांचा डावा हात झटक्यात आडवा व्हायचा, शेजारच्याला अडवायला व्हावा तसा. त्या रिकाम्या पत्र्यावर हात थोडा वेळ तसाच ताठ राहायचा. मग ते तो उचलून मांडीवर ठेवायचे.

कितीतरी रविवार मी हे बघितलं. मग एकदा चहा देताना म्हटलं, "डावीकडे सीट करा." त्यांनी कप खाली ठेवला. "कोणासाठी?" "मी बसेन म्हणत्ये." ते उठून परसात गेले. सीट करायला त्यांनी जितके दिवस लावले तितके अख्ख्या इंजिनाला लावले नसतील. बांधायला पट्टा केला, तो सुद्धा दुहेरी.

त्या रविवारी आम्ही आतल्या रस्त्याला लागलो नाही. मीच म्हटलं, मालगुंडला जाऊ. पोलिसांनी धरलं तर धरलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि गाडी समुद्राकडच्या रस्त्याला घातली. इंजिनाचा आवाज इतका, की बोलायची सोयच नव्हती, ते एक बरं होतं. वळणाच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली. खाली सुरूच्या बनात धुकं होतं, गडगा तिथेच होता, पडलेले चिरे कोणीतरी परत रचून ठेवले होते. "वहिनी, इथून पुढे मला जमत नाही," ते म्हणाले. "मनातसुद्धा इथवरच येतो आणि परत फिरतो. वळवू?" मी म्हटलं, "वळवू नका. मी बघत्ये रस्ता." गाडी हळूहळू पुढे निघाली. रस्त्यावर म्हैस नव्हती, माणूस नव्हतं, काही नव्हतं. तरी वळण सुरू होताच तो हात माझ्यासमोर आडवा आला. मी त्यांचं मनगट धरलं. वळण संपून सरळ रस्ता लागेपर्यंत मी ते धरून ठेवलं. मग त्यांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. समुद्राचा आवाज एकदम वर आला.

"दादा ओरडला नाही, वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही कधी विचारलं नाहीत. घाबरलासुद्धा नाही. नुसतं म्हणाला, 'अरू, जप.' तेवढंच."

यांचे शेवटचे शब्द इतकी वर्षं एकट्या त्यांच्यापाशी होते. मी ते ऐकले आणि समुद्राकडे बघत राहिले. 'जप' म्हणायची यांची तऱ्हा मला माहीत होती; मी आडावर निघाले की म्हणायचे, मुग्धा सायकलवर बसली की म्हणायचे. मी म्हटलं, "मग जपा की." भावोजींनी चेहरा हातांत घेतला. आम्ही तिथे पुष्कळ वेळ बसलो. मालगुंडला पोचलो, सरबत प्यालो आणि घरी आलो. त्यानंतर दुपारची परसातली बोलणी बंद झाली नाहीत, फक्त आता अधूनमधून त्यांत माझंही नाव यायचं. "दादा, वहिनी म्हणतात आवाज कमी कर."

आता ते नाहीत. मला वाटलं होतं, घर भासांनी भरून जाईल. तसं काही झालं नाही. दुपारी मी पडते आणि ठोकण्याचा आवाज नाही म्हणून जाग येते. उठून परसात जाते. गाडी उभी असते, डावीकडचं आणि उजवीकडचं, दोन्ही सीटं रिकामी. मुग्धा पुण्याहून आली होती, ती म्हणाली, "आई, कोणाला तरी देऊन टाक ही."

तेराव्याला नातेवाइकांना भांडी वाटायची म्हणून आम्ही दोघी बाजारात गेलो. सगळ्या भांड्यांवर दुकानदाराने रिवाजाप्रमाणे कोरलं, 'कै. अरविंद यांच्या स्मरणार्थ'. मग मी एक तांब्या वेगळा काढला आणि म्हटलं, यावर नुसतं 'अरविंद' घाला. मशीनची सुई टकटकत फिरली. मुग्धाने वाचून बघितलं. "आई, 'कै.' राहिलं."

"माहीत आहे," मी म्हटलं.

तो तांब्या मी कोणाला दिला नाही. सकाळी उजाडलं की त्यात पाणी भरून परसात नेते, गाडीच्या रेडिएटरमध्ये ओतते आणि किल्ली फिरवते. चालवता मला येत नाही. इंजिन तापेपर्यंत मी डावीकडे बसून राहते.