डाव्या चौकटीतले हात

मी टीव्हीवरच्या जाहिराती बघण्याची नोकरी करते असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. ज्या टाळायला माणूस चॅनेल बदलतो त्या मुद्दाम कोण बघेल? पण बघतात. आमच्या वेबसाइटवर दोन चौकटी शेजारीशेजारी असतात. एक बटण दाबलं की दोन्हींत दोन जाहिराती एकदम सुरू होतात. प्रतिस्पर्धी काय करतोय ते ताडून बघायला जाहिरात कंपन्या आमच्याकडे येतात. प्रत्येक जाहिरातीखाली मी भाषा, लांबी, माल असं सगळं नोंदवते. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा: ही जाहिरात त्या भाषेसाठी नव्याने चित्रित केली, की दुसरीकडची उचलून नुसता आवाज बदलला?

मराठी जाहिराती माझ्याकडे होत्या. माझा जन्म कोलकात्याचा, शाळा बेहालातली. गणपतीची आरती आणि सांगलीच्या मावशीचा फोन सोडला तर माझं मराठी या शहरात कुणाच्या कामाला आलं नव्हतं. इथे त्यासाठी मला खुर्ची दिली होती, म्हणून मी शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडून आले. चाचणीचे सहा महिने होते, त्यातले पाच झाले होते.

तेवढ्यात शुक्रवारी पुण्याच्या एका एजन्सीची तक्रार आली. शेवटचं वाक्य होतं, तुमच्याकडे मराठी बघणारी व्यक्ती खरोखर मराठी आहे का?

प्रकरण गव्हाच्या पिठाच्या जाहिरातीचं होतं. तिच्यात चेहरा नव्हताच. पोळपाट, लाटणं, दोन हात आणि वरून बाईचा आवाज. मी ‘मराठीसाठी नव्याने चित्रित’ अशी नोंद केली होती. तिच्यावर विसंबून पुणेकरांनी आपल्या ग्राहकाला पटवलं की बघा, समोरचा महाराष्ट्रासाठी वेगळा खर्च करतोय, आपणही करू. भर बैठकीत कुणीतरी विचारलं, मराठी बाईच्या हातात शांखा-पोला कसा काय? सगळे हसले म्हणे.

मी जाहिरात पुन्हा लावली. डाव्या चौकटीत मराठी, उजवीकडे नुकतीच आलेली बंगाली. तेच हात. मनगटावर शंखाची पांढरी बांगडी म्हणजे शांखा आणि शेजारी लाल पोला, बंगाली सवाष्णीचं लेणं, आंधळ्यालाही दिसावं इतकं ठळक. ही जाहिरात मी चार वेळा बघितली होती आणि मला त्यात काहीही खटकलं नव्हतं.

कसं खटकणार? माझ्या आईचे हात असेच आहेत. ती लग्न होऊन सांगलीहून इथे आली तेव्हा शेजारच्या काकीमांनी तिला जवळ बसवून शांखा-पोला चढवला. तो तिने कधी उतरवला नाही. मधे हिरव्या काचेच्या बांगड्या, मागेपुढे हे दोन. मराठी बोलत पोळ्या लाटणारी बाई मी जन्मभर बघितली ती अशीच.

हे मी साहेबांना सांगायला गेले. ते बंगाली, त्यांना गंमत वाटली, पण लगेच गंभीर झाले. ‘‘हे त्यांच्यापुढे बोलू नकोस. घाईत झालं म्हण. घाई सगळ्यांना समजते. नाहीतर मराठीचं काम पुण्यातच कुणाला तरी द्या म्हणतील, आणि मला द्यावं लागेल.’’

सोमवारी अकराला व्हिडिओ कॉल ठरला. सोमवारी मी घरून काम करते. शनिवार-रविवार मी सगळ्यांवर खेकसत काढले. खोलीचं दार लोटून बसले, हेडफोन चढवला, आणि कॉल सुरू झाल्यावर आठवलं की सव्वाअकराला आई चहा आणते. नको म्हणून सांगायचं राहिलंच होतं.

पुण्याच्या बाई अगदी गोड बोलत होत्या. त्यामुळे मला जास्तच घाम फुटला. घाईत झालं, मी म्हटलं. बरं, त्या म्हणाल्या. तुम्ही मूळच्या कुठल्या? सांगलीच्या, मी ठोकून दिलं. कोलकात्यात कशा? नोकरीसाठी आले. साहेब दुसऱ्या चौकटीत मान डोलावत होते. घड्याळात अकरा चौदा झाले.

मग त्या म्हणाल्या, ‘‘माझा एक अंदाज आहे. तुमच्या घरात कुणी ते घालतं का? रोजचं असलं की डोळ्यांना दिसत नाही. तसं असेल तर मी समजू शकते.’’

दार उघडून दिलं होतं त्यांनी. आत जायचं एवढंच बाकी होतं. पण मला साहेबांची मान दिसली, आणि जाणारी खुर्ची.

‘‘छे हो,’’ मी जोरात हसले, ‘‘आमच्या घरात कोण घालणार शांखा-पोला? मराठी माणसं आम्ही.’’

बशीचा आवाज झाला. आई माझ्या मागे उभी होती. तिने नेहमीसारखा कप ठेवायला हात पुढे केला, आणि स्क्रीनवर माझ्या खांद्यावरून तो हात येताना मला दिसला: आधी बोटं, मग पांढरी कड. मी झटकन कॅमेरा बंद केला. चहा टेबलावर सांडला.

‘‘नेट गेलं वाटतं,’’ मी माइकमध्ये म्हणाले. मग बाई म्हणाल्या, ‘‘असू दे. नोंद दुरुस्त करा, आमच्याकडून विषय संपला.’’ कॉल संपला. महिन्याने मी कायम झाले. त्यांना हात दिसला होता की नाही, मला आजही माहीत नाही.

आई फडक्याने टेबल पुसत होती. ‘‘कॅमेरा का बंद केलास गं?’’

‘‘अगं, नेट गेलं.’’

तिने कोपऱ्यातल्या राउटरकडे बघितलं. ‘‘दिवा तर लागलाय,’’ म्हणाली, आणि कप उचलून दुसरा चहा आणायला गेली. मला माझीच इतकी लाज वाटली की मागोमाग उठून जायचं धाडस झालं नाही.

आता घरून काम असलं की सव्वाअकराला दाराबाहेरच्या स्टुलावर बशी वाजते. मी बाहेर येईपर्यंत आई स्वयंपाकघरात गेलेली असते.