अठ्ठावन्न गुणांचे सर

सरांचं खरं नाव काय, हे आता त्यांच्या सासूबाईंनाही आठवत नसावं. कॉलेजात त्यांना सगळे अठ्ठावन्नसर म्हणत. पाठीमागे म्हणत, पण फार हळू म्हणत नसत. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने संशोधन निबंध लिहावा आणि सरांनी त्याला शंभरापैकी अठ्ठावन्न द्यावेत, हे ठरलेलंच होतं. चार महिने उन्हातान्हात हिंडून मुलाखती घेणाऱ्याला अठ्ठावन्न, आणि थोरल्या बहिणीचा जुना निबंध उतरवून काढणाऱ्यालाही अठ्ठावन्न. समतेवर व्याख्यानं झोडणारे पुष्कळ भेटतात; ती इतक्या काटेकोरपणे पाळणारा माणूस विरळाच.

यामागे आळस होता असं म्हटलं तर सरांवर अन्याय होईल. यामागे शास्त्र होतं. प्रत्येक निबंध दोन परीक्षक तपासतात, एकमेकांचे गुण न बघता. दोघांत दहापेक्षा जास्त फरक पडला, की निबंध तिसऱ्याकडे जातो आणि पहिल्या दोघांना सुट्टीच्या दिवशी येऊन लेखी खुलासा द्यावा लागतो. चाळीस दिले तर मूल रडत येतं, आणि येताना आईलाही घेऊन येतं. सत्तर दिले तर विभागप्रमुख चष्म्यावरून बघत विचारतात, "एवढं काय आहे हो यात?" आता एवढं काय आहे ते सांगायचं, तर आधी वाचलेलं असावं लागतं. अठ्ठावन्नला मात्र कोणी काही विचारत नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

एका वर्षी एक तरुण प्राध्यापिका नव्याने लागल्या. बिचाऱ्या प्रामाणिक होत्या.

"सर, निबंध तपासायचे कसे, ते जरा समजावून सांगाल?"

सरांनी हौसेने सांगितलं. "आधी हातात घेऊन वजन बघायचं. मग मागची संदर्भसूची दीड पान तरी भरते का ते बघायचं. मग पहिला परिच्छेद आणि शेवटचं वाक्य. शितावरून भाताची परीक्षा, मॅडम."

"आणि मधलं?"

"मधलं विद्यार्थ्यांसाठी असतं."

शेरेही तीनच होते. 'मांडणी बरी', 'अधिक खोलात जायला हवे होते', आणि निबंध फारच जाड असला तर 'पाल्हाळ टाळावा'. मॅडमनी मान डोलावली. दुसऱ्या वर्षापासून त्याही सत्तावन्न देऊ लागल्या.

घरीही सरांची पद्धत हीच. भाजी कशी झालीय? बरी आहे. खिडकीला नवे पडदे लावले, कसे दिसतात? बरे आहेत. सरांच्या पत्नी पाणीपट्टी भरायच्या खिडकीवर बसत. दिवसभर रांगेतल्या माणसांची गाऱ्हाणी ऐकायची, आणि घरी यायचं तर समोर एकच माणूस, ज्याचं गाऱ्हाणंही नाही आणि दादही नाही. दोन वर्षांपूर्वी एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "अहो, मी बाहेरून एम. ए.ला नाव घातलंय. राज्यशास्त्र."

"बरं झालं," सर म्हणाले आणि त्यांनी भाजी पुढे ओढली. बहुधा त्यांना शिवणक्लास वाटला असावा.

हा बाहेरून करायचा अभ्यासक्रम दुसऱ्या संस्थेचा होता, पण त्याचे निबंध तपासायला सरांकडे आणि मॅडमकडेच यायचे. निबंधावर नाव नसे, नुसता बैठक क्रमांक. गठ्ठ्याबरोबर एक कागदही येई: 'माझे कोणीही नातेवाईक या परीक्षेस बसलेले नाहीत.' त्याखाली सर झोकदार सही करत. तो कागद त्यांनी कधी वाचला नव्हता, हे वेगळं सांगायला नकोच.

तर निकाल लागला, आणि एका रविवारी दुपारी सर पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसले असताना बायकोने त्यांच्या कपाशेजारी एका निबंधाची झेरॉक्स आणून ठेवली.

"हे अक्षर ओळखीचं वाटतं का?"

सरांनी पाहिलं. पहिल्या पानावर अठ्ठावन्न. खाली 'अधिक खोलात जायला हवे होते'. घरातल्या वाणसामानाच्या यादीवर असतं तेच अक्षर, तीच लांबलचक वेलांटी. सरांनी कप दूर सारला. मग त्यांनी असल्या वेळी माणूस जे करतो तेच केलं, उलट्या बोंबा सुरू केल्या.

"म्हणजे तू माझ्याच विषयाला बसलीस आणि मला सांगितलंही नाहीस?"

"तीनदा सांगितलं."

"कधी?"

"एकदा जेवताना. एकदा फी भरताना. एकदा तुमच्या कपाटातून पुस्तकं काढताना. तेव्हा तुम्ही म्हणालात, धूळ झटकून घे."

सरांनी शब्दकोडं बाजूला सारलं.

"पुढे संशोधनाला जायचं तर निबंधात साठ लागतात," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणि सरांना त्याचीच जास्त भीती वाटली. "सगळ्या पेपरांत आहेत. यातच नाहीत. या वयात मी पुन्हा दोन वर्षं घालवू का?"

"तसं नाही गं. पुनर्तपासणीचा अर्ज कर की."

"ती कशी होते?"

सर सवयीने समजावू लागले. "अगदी सोपं आहे. तिसरा परीक्षक आधीच्या दोघांना फोन करतो. कोणाचा अपमान नको म्हणून दोघांच्या मधलं काहीतरी..." आणि ते थांबले. मॅडमचे सत्तावन्न, आपले अठ्ठावन्न. मधलं काय येणार ते शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. इतकी वर्षं इतक्या जणांना हे आपण असंच हसत हसत सांगत आलो, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. पहिल्यांदाच वाटली, म्हणून जरा जास्तच वाटली.

"गुणांचं नंतर बघू," बायको म्हणाली. "आधी वाचा."

"आत्ता?"

"नाही, निवृत्त झाल्यावर."

सर वाचू लागले. मधलंसुद्धा. विषय होता, विद्यार्थी निवडणुकीत पडलेल्यांचं पुढे काय होतं. निवडून आलेल्यांवर पुस्तकांचे ढीग आहेत, पडलेल्यांना कोणी साधा चहासुद्धा विचारलेला नाही. बाईंनी मात्र पाणीपट्टीच्या रांगेतून त्यांना हुडकून काढलं होतं. एकजण छापखाना चालवत होता आणि आजही कोणाचीही प्रचारपत्रकं फुकट छापून देत होता. एक बाई पाळणाघर चालवत होत्या. मुलांची भांडणं मतदान घेऊन सोडवत होत्या. एक गृहस्थ इतकी वर्षं उलटली तरी कॉलेजवरून जायला नको म्हणून लांबच्या रस्त्याने कामाला जात होते. खरं सांगायचं तर निबंध फार चांगला होता. सरांनी हातातली पेन्सिल केव्हा खाली ठेवली, ते त्यांनाही कळलं नाही.

मग आला सातवा उमेदवार. इतरांप्रमाणे त्याचंही नाव दिलेलं नव्हतं. प्रचाराच्या शेवटच्या सभेत हा पठ्ठ्या विरोधकाचा जाहीरनामा हातात घेऊन उभा राहिला आणि एकेक कलम मोठ्याने वाचून त्याला उत्तर देत गेला. मुलं जांभया देत उठून गेली, हा वाचतच राहिला. पुढे विरोधकाने कबूल केलं की तो जाहीरनामा त्याने स्वतःही वाचला नव्हता. 'त्या वर्षी तो वाचणारा हा एकटाच होता,' बाईंनी लिहिलं होतं, 'आणि सर्वांत कमी मतं त्यालाच पडली.'

सरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"हे मी तुला कधी सांगितलं?"

"लग्नाआधी. तेव्हा तुम्ही बोलायचात. त्यावरच तर हो म्हटलं मी."

सरांनी तिथेच बसून परीक्षा मंडळाला पत्र लिहिलं. हा निबंध माझ्या पत्नीचा आहे, मी तो तपासायला नको होता, आणि खरं म्हणजे तपासलेलाच नाही. तो आम्हा दोघांनाही न ओळखणाऱ्या परीक्षकाकडे पाठवावा. बायकोने पत्र वाचलं, शेवटपर्यंत वाचलं.

"आणि गठ्ठ्यातले बाकीचे?"

सरांनी खाली आणखी एक ओळ लिहिली: संपूर्ण गठ्ठा.

पत्र पोचताच मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. "अहो सर, असं कोणी लेखी देतं का? आम्ही इथे तोंडं कुठे लपवायची?" सरांचं नाव परीक्षकांच्या यादीतून निघालं. निरोप समारंभ नाही, नारळ मात्र मिळाला. मॅडमनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, कारण त्यांनाही मुळापासून सगळे निबंध वाचावे लागले. त्या खूप संतापल्या होत्या, आणि त्यांनी एका मुलाला चक्क ऐंशी दिले असं ऐकिवात आहे.

बाईंना नव्या परीक्षकाकडून बासष्ट मिळाले. त्या प्रवेश घेऊन आल्या तेव्हा सर टेबलाशी बसले होते. पुढ्यात गठ्ठा नव्हता. तीच झेरॉक्स होती, आणि त्यांचं बोट सातव्या उमेदवाराच्या शेवटच्या ओळीवर होतं.

"'सध्या काय वाचता, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही,'" सरांनी वाचून दाखवलं. "हे तू मला कधी विचारलंस?"

"गेल्या वर्षीच्या परीक्षेच्या वेळी. इथेच, या टेबलाशी."

"मग मी बोललो का नाही?"

त्यांनी पर्स खुंटीला अडकवली आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"तुम्ही निबंध तपासत होतात."