सात आंबे, घासून साफ

आंब्याच्या खोडावर पांढुरके, राखाडी डाग असतात ना, त्यांना बडोद्यात कुणी विचारत नाही. मी विचारते. ते शैवाक, म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. मसाल्यातलं दगडफूल त्याच घराण्यातलं, एवढं सांगितलं की आपल्या बायकांना पटकन कळतं. काही जाती पानांसारख्या पसरतात, काही दाढीसारख्या लोंबतात, पण त्यांना डोंगरातली गार, ओली हवा लागते. आमच्या उन्हाळ्यात टिकते ती खपलीसारखी सालीला चिकटलेली जात. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते. मला ती फार आवडते. चिवट आहे मेली.

शाळेत वर्षानुवर्षं शिकवून मी पन्नाशीत पीएचडीला नाव नोंदवलं. लोक हसले, हसू देत. प्रतापनगरला आमच्या सोसायटीत सात आंबे निवडले आणि करजणला हायवेलगत सात. दर वर्षी त्याच खपल्यांवर प्लास्टिकचा कागद धरून कडा गिरवायच्या आणि धुराजवळची कमी वाढते का, ते पाहायचं. दोन मापं झाली होती. तिसरं झालं की प्रबंध लिहायला घेणार होते.

त्या दिवशी करजणचं तिसरं माप आटोपून घरी आले, तर आमचे सातही आंबे छातीइतक्या उंचीपर्यंत गेरू-चुन्यात नटून उभे. समोरच्या गुजराती काकी कौतुकानं सांगायला लागल्या, काकांनी केवढं सरस काम केलंय. काका म्हणजे माझे बाबा. त्यांचा उभा जन्म रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गंज खरवडण्यात गेला. मी रोज भिंग घेऊन त्या डागांकडे बघते, म्हणजे झाडांना रोग लागलाय आणि पोरीला त्याचा घोर आहे, असा त्यांनी अर्थ लावला. ऐंशीव्या वर्षी सकाळपासून खपून तारेच्या ब्रशनं सगळं घासून काढलं आणि वर चुना फासला.

मी फार वाईट बोलले. माझी सगळी मेहनत तुम्ही एका दिवसात मातीत घातलीत, म्हणाले. रात्री जेवले नाही. तेही जेवले नाहीत.

माझ्याहून वयानं लहान असलेल्या मार्गदर्शक मॅडमनी विषय बदलायला सांगितलं. एकट्या करजणच्या मापांचा काय उपयोग? विषय बदलायचा? छट्! मी म्हटलं, घासलेल्या सालीवर शैवाक परत कसं येतं, आधी कुठली जात येते, तेच आता बघेन. त्यांनी विचारलं, वर्षं किती लागतील याचा विचार केलाय का. लागतील तेवढी लागू देत, मी म्हटलं. मी हटणार नव्हते.

घरी येऊन बाबांना हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी बादली आणि मऊ फडकं घेऊन ते पहिल्या आंब्याशी चुना पुसत बसलेले दिसले. माझा राग गेला नव्हता, पण दुसरं फडकं घेऊन मीही बसले. साल आता खरवडायची नाही, एवढंच बजावलं. सातही झाडं धुवायला चार दिवस लागले.

शेवटचं झाड झाल्यावर त्यांनी विचारलं, "परत दिसायला किती वर्षं?"

"सात-आठ तरी," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"मग ते काही मी बघत नाही," ते अगदी सहज म्हणाले. "पहिलं माप तरी मला घेऊ दे."

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. एकेक खोड त्यांनी खालपासून वरपर्यंत शोधलं, घाई म्हणून केली नाही. काही सापडलं नाही की वहीत शून्य लिहायचे. असं सात वेळा केलं.

सातवं शून्य लिहून त्यांनी वही मिटली. "आता पुढचं माप कधी?"

"पुढच्या वर्षी, बाबा. याच दिवसांत."

"मग थांबतो तोवर," ते म्हणाले आणि भिंग शर्टाला पुसून माझ्या हातात दिलं.