आवाजबाईंचे मुके पंधरा दिवस

नाट्यविद्यालयात त्यांना तोंडावर 'बाई' आणि पाठीमागे 'आवाजबाई' म्हणत. घरी सासूबाई काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यातही आवाजाचाच उल्लेख असे. काम रोज सकाळी सात ते आठ. पंधरा मुलामुलींना सतरंजीवर उभं करायचं, मनगटं झटकून घ्यायची, खांदे फिरवायचे, एकेक मणका मोजत पाठ खाली सोडायची नि तशीच वर आणायची. मग भरघोस जांभया, मग लहान मूल मोटार चालवताना करतं तशी ओठांची फडफड, आणि शेवटी तोंड मिटून 'म्‌'चा लांब गुंजारव. प्रत्येक गोष्ट बाई आधी करून दाखवणार आणि गरजणार, "हं, माझ्यामागून!" अकरा वर्षं हेच.

त्यामुळे झालं काय, की बाईंच्या हाताखालून गेलेलं पोरगं कुठेही ओळखू यायचं. आवाज जाडसर, जरा घोगरा, आणि वाक्याच्या शेवटी पाय आपटल्यासारखा ठेका. एकदा तर प्राचार्य फोनवर एका विद्यार्थिनीला बाई समजून रजेच्या अर्जाबद्दल दहा मिनिटं झापत होते. ती बिचारी "हो सर, चुकलं सर" करत राहिली. प्राचार्यांनी हा किस्सा कौतुकानं सांगितला आणि बाईंनीही तो कौतुक म्हणूनच पदरात घेतला.

मग एका सोमवारी आवाज बसला तो उठेचना. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं.

"स्वरतंतूंवर गाठी आल्यात. पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्यानं आणखी ताण पडतो."

चष्म्याच्या दुकानात काम करणारा त्यांचा नवरा शेजारीच बसला होता. त्याचा चेहरा दुःखी होता असं तो नंतर शपथेवर सांगे. संध्याकाळी मात्र त्यानं बातम्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्या आणि म्हणाला, "अगं, शेवटी हवामानही सांगतात की!"

दुसऱ्या दिवशी बाई पाटी-खडू घेऊन प्राचार्यांसमोर उभ्या राहिल्या. प्राचार्यांनी पाटी वाचली, खडू घेतला आणि खाली उत्तर लिहायला लागले. बाईंनी पाटी ओढून घेतली नि लिहिलं, 'तुम्हाला बोलता येतं.'

"अं? हो, हो." प्राचार्यांनी खडू ठेवला. "तर बाई, रजा घ्या. तुमचा तास कवायतीचे सर घेतील."

कवायतीच्या सरांचा त्या सभागृहावर किती दिवस डोळा होता, हे शिपायापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी लिहिलं, 'रजा नको.'

"पंधराव्या दिवशी मुलांची परीक्षा आहे. एकेकानं रंगमंचावर उभं राहून माइकशिवाय उतारा म्हणायचा. मुकी बाई काय शिकवणार?" प्राचार्यांनी सुस्कारा टाकला. "बरं, घ्या. पण शेवटच्या रांगेत ऐकू आलं नाही, तर तो तास कायमचा कवायतीला. मग माझ्याकडे येऊ नका."

बाईंनी मान डोलावली आणि तडक सभागृह गाठलं. हातानं खूण केली, करा सुरू.

मुलांनी गुंजारव सुरू केला आणि बाई जागच्या जागी थिजल्या. अकरा वर्षांत त्यांनी हा आवाज कधी ऐकलाच नव्हता, कारण त्यावर स्वतःचा चढवलेला असायचा. आज कानावर आल्या त्या पंधरा आवाजबाई. तोच जाडपणा, तोच घोगरा काठ. 'चिमणी' म्हणून चिडवतात ती किरकोळ पोरगी तर बाईंसारखा आवाज काढायला हनुवटी छातीत रुतवून बसली होती आणि तिच्या गळ्याची शीर टरारून फुगली होती. गाठी आपल्या, आणि वाटत बसलोय पोरांना!

सोपी वाट होती. चालू द्यायचं. जाड आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतोच, कसाबसा का होईना. तास वाचला असता. बाईंनी ती वाट दोन दिवस नीट न्याहाळली. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटीवर लिहिलं, 'झोपा.'

पोरं पाठीवर, गुडघे वर. बाई एकेकाच्या बरगडीवर तळहात ठेवून बसत. श्वास तिथवर आला की हलकी थाप. गळा आवळला की खांद्यावर दोन बोटं, म्हणजे थांब, पुन्हा. मग जोडीजोडीनं पाठीला पाठ लावून गुंजारव, जोडीदाराच्या पाठीत थरथर जाणवेपर्यंत. कवायतीच्या सरांनी खिडकीतून डोकावून विचारलं, "काय बाई, मुलं झोपली वाटतं?" बाईंनी पाटी वर केली, 'हो. हळू बोला.'

पाचव्या दिवशी चिमणीचा स्वतःचा आवाज निघाला. पातळ, काचेसारखा, आणि इतका बारीक की 'खांब' म्हणून प्रसिद्ध असलेला तिचा उंच वर्गबंधू कळवळला.

"बाई, हा दुसऱ्या रांगेत तरी पोचेल का? नापास होईल ती!"

"तुझं बघ तू," चिमणी फणकारली. "तुझा तर अजून निघालाच नाही."

रोज एक रांग, असं बाईंनी ठरवलं. त्या पहिल्या रांगेत बसल्या, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. ऐकू आलं की हात वर. नाही आलं तर हात मांडीवर, आणि मुलगा किंवा मुलगी पुन्हा सतरंजीवर. सातव्या रांगेला दोन पोरं रडली. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि पुन्हा झोपवलं.

पंधराव्या दिवशी शेवटच्या रांगेत बाई, शेजारी प्राचार्य, पलीकडे कवायतीचे सर. दहा-बारा जणांचं नीट पार पडलं. खांब तर असा दणदणीत बोलला की प्राचार्यांनी खुर्चीचा हात धरला. मग चिमणी आली, समोर इतर वर्गांच्या मुलांनी भरलेलं सभागृह पाहिलं, आणि घाबरून हनुवटी खाली घेत थेट बाईंच्या आवाजात शिरली. दोन वाक्यांत घसा खरखरला. तिसरं कुणाला कळलंच नाही.

"काही ऐकू येत नाही बुवा," कवायतीचे सर प्रेमानं म्हणाले.

बाईंचे ओठ उघडले. 'हनुवटी!' एवढा एकच शब्द, आणि त्यांचा आवाज कसाही असो, रंगमंचावर नक्की पोचला असता. त्यांनी ओठ मिटले. हात मांडीवरच ठेवला, हलवला नाही.

चिमणीनं तो खाली राहिलेला हात पाहिला. थांबली. सभागृहात खोकले सुरू झाले, प्राचार्य घड्याळ बघायला लागले. तिनं सगळ्यांदेखत खांदे सोडले, बरगड्यांत श्वास भरू दिला आणि पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली. ती पातळ धार शेवटच्या रांगेपर्यंत सरळ आली, एकही अक्षर न सांडता. बाईंचा हात वर गेला. तो डोळे पुसायलाही लागणार होता, पण तेवढ्यात पुढचा मुलगा आला.

संपल्यावर प्राचार्य म्हणाले, "बाई, आज एकाही पोराला आवाजावरून तुमचं म्हणून ओळखता आलं नसतं. तास तुमचाच."

"पण सर..." कवायतीचे सर म्हणाले.

"तुम्ही मैदानात घ्या हो."

बाईंनी पाटी काढली. 'तास पुरत नाही. ऐकायला वेळ लागतो. दीड तास हवा.'

"बघू पुढच्या महिन्यात," प्राचार्य उठता उठता म्हणाले.

बाई उठल्या नाहीत. पाटी तशीच उभी धरून वाट अडवून बसल्या.

"बरं बाई, सव्वा."

बाईंनी 'दीड'खाली जाड रेघ ओढली.