सुतकातल्या लेन्स

माझ्या सासूबाई वारल्या तेव्हा सगळ्यांत जास्त मी रडले, असं आमच्या सिरसाळ्यात आजही कुणीही सांगेल. मी रडले नव्हते. माझ्या डोळ्यांत पू झाला होता.

आत्याबाईंचं (आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात) आणि माझं पटत नव्हतं असं म्हणणं म्हणजे मे महिन्यात परळीत जरा गरम होतं असं म्हणणं! मुख्य भांडण लेन्सवरून. माझा नंबर असा, की चष्मा काढला की नवरा आणि कोपऱ्यातलं पोतं सारखंच दिसतं. (पोतं घोरत नाही, एवढाच फरक.) म्हणून लेन्स घेतल्या. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ओसरीवरून हाळी यायची, "ए मंगल! काढलीस का ती डोळ्यातली पलाष्टिकं? आदी हात धू! साबणानं!" लेन्स देताना दुकानदारानं गोड बोलून जे सांगितलं होतं, तेच त्या शिव्या घालून सांगायच्या. मी चरफडत का होईना, रोज लेन्स काढायची.

एका सकाळी चहा पिता पिता त्या गेल्या. मला रडूच येईना. आत सगळं कोरडं ठाक. आक्कांनी, म्हणजे माझ्या मोठ्या नणदेनं, उंबऱ्यावर अंग टाकलं, बायकांनी गळे काढले आणि मी आपली मधोमध पाण्याचे तांबे वाटतीय! "सुनेच्या डोळ्याला टिपूस न्हाई बगा," शेजारच्या गोदाकाकू म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, म्हणजे फक्त आमच्या गल्लीला ऐकू गेलं.

पाहुण्यांनी घर भरलं. माजलगावचे एक जाडजूड मामा गादीवर टेकले आणि गादीखालून कर्रकन आवाज आला. माझा चष्मा! आता भिस्त फक्त लेन्सवर. झोपताना त्या काढून ठेवाव्यात म्हणून फळीवरची डबी उघडली, तर आत दातांना लावायची मिश्री!

"मावशी, ही डबी माझी..."

"लई झ्याक डबी हाय गं!" मावससासूबाई खूश. "दोन खण! येकात मिश्री ठिवली, येकात तपकीर!"

लेन्स धुवायचं औषधही संपलं होतं. परळीहून कोण आणणार? सासूची चिता विझली नाही आणि सुनेला डोळ्यांचे नखरे सुचतात, असं म्हणायला गोदाकाकू टपलेल्याच! शेवटी डबी बोअरच्या पाण्यानं खळबळली, त्याच पाण्यात लेन्स बुडवल्या आणि सकाळी डोळ्यांत घातल्या. लेन्सला कसलंच साधं पाणी लावायचं नाही, हे मला पाठ होतं. पण ओरडणारं माणूसच गेलं होतं ना! पुढं तर मी त्या काढायचंही सोडलं. पहाटेपासून भेटायला येणाऱ्यांच्या पाया पडायचं असायचं, आणि लेन्स नसताना मी एकदा पाण्याच्या घागरीच्या पाया पडले होते.

राख सावडल्यावर दोन दिवसांनी डोळे लाल झाले. मग सुजले. मग ज्या धारा लागल्या, त्या थांबेचनात.

"काकू, डोळ्यांची लई आग होतीय."

"व्हणारच माय!" गोदाकाकूंनी मला पोटाशी धरलं. "आतलं दुक्क हाय ते. भाईर येऊ दे."

"अवो, मला उजेड सहन होईना!"

"कसा व्हईल? घरातला दिवाच इझला!"

नवऱ्याला कोपऱ्यात गाठलं. "अहो, मला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या." तो माणूस गहिवरला. "बास कर गं आता. किती रडशील माझ्या आईसाठी?" आक्का मात्र फणफणल्या. पोटची लेक असून सुनेच्या मागं पडल्या! त्यांनी आवाज चढवला. मी गप्प बसून नुसती गळत होते, आणि सुतकाच्या घरात गप्प गळणारीचा भाव जास्त असतो. बायाबापड्या आता आक्कांना सोडून माझ्याकडं यायला लागल्या.

शेवटी लेन्स काढून टाकल्या. डावी निघताना डोळ्यात काच फिरल्यासारखं झालं. तरी दुखणं वाढतच गेलं, आणि डाव्या डोळ्यानं समोरची बोटंसुद्धा मोजता येईनात. मी घाबरले. आपण आंधळ्या होणार, आणि हे सगळे कौतुक करत बघत बसणार!

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. बाभळीवर कावळे नुसते बसून होते. नवरा म्हणाला, "आई, आक्काचं माहेर तुटू देणार न्हाई." कावळे ढिम्म. आक्का म्हणाल्या, "आई, मी मंगलशी कदी भांडणार न्हाई." कावळे आणखी वरच्या फांदीवर गेले.

"सुनेला म्होरं करा!" कुणीतरी म्हणालं. मला धरून पुढं नेलं. समोर काळं काहीतरी दिसलं. मी गुडघे टेकून हात जोडले.

"अगं, ते माझं हेल्मेट हाय," मामा म्हणाले.

"रडून रडून नजर गेली वो लेकराची!" गोदाकाकूंनी हंबरडा फोडला, आणि सगळा ओढा रडायला लागला. मग मात्र माझा बांध फुटला. "आत्याबाई, मी रडत न्हाई वो! मला रडूच येईना! माझे डोळे चाललेत, आन् कुणी ऐकंना! तुमीच सांगा ह्यांना, मला दवाखान्यात न्या म्हणून!"

फडफड झाली. कावळा सरळ पिंडावर!

"बगा! सुनेच्या डोळ्यात जीव अडकला होता म्हातारीचा!" मामा ओरडले. आता काय, मेलेल्या माणसाची इच्छा! मला तिथूनच गाडीत घालून अंबाजोगाईला नेलं.

"लेन्स घालून झोपलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

"काढल्या तेव्हा कशात ठेवल्या?"

"बोअरच्या पाण्यात."

"डबी आणलीय? तपासायला पाठवावी लागेल." ओढ्यावरून निघताना मावशींच्या हातातून घेतलेली डबी नवऱ्यानं खिशातून काढून दिली. डॉक्टरांनी झाकण उघडलं. "हे काय?"

"मिश्री." (मावशींनी पुन्हा भरली होती!)

डॉक्टरांनी चष्मा काढून स्वतःचेच डोळे चोळले. "बाई, बुबुळाला जखम झालीय. डोळा लाल झाला, त्याच दिवशी लेन्स काढून यायचं!"

"सुतक होतं."

"जंतूंना नसतं."

डोळा वाचला. पण डाव्या बुबुळावर पांढरा ठिपका कायमचा राहिला. त्या डोळ्यानं आता सगळं धुक्यातलं दिसतं.

अजून थेंब चालूच होते तेव्हाची गोष्ट. एका दुपारी आक्का आणि मी गोधडीसाठी आत्याबाईंची लुगडी फाडायला बसलो. एका पदराला गाठ होती. सोडली, तर आत चिमूटभर बडीशेप. बस्स, तेवढीच. आणि मला एकदम कळलं, की त्या आता खरंच नाहीत. मी रडले. हुंदके, शेंबूड, सगळं! ते कोरडं ठाक एकदाचं फुटलं, आणि मला त्या बाईची इतकी आठवण आली की श्वास पुरेना.

"अगं मंगल! आत्ताच थेंब टाकलेत ना?" आक्का दचकल्या. "समदं औषद वाहून चाललं की!"

"आक्का, मी रडतीय."

"आता कशापायी रडशील? तुजं रडून झालं की तवाच, समद्या गावानं बगितलं," असं म्हणून त्यांनी माझी हनुवटी वर केली आणि दोन्ही डोळ्यांत पुन्हा औषध टाकलं.