हळर्णची दरड

गोव्यात हळर्णला नदीकाठी, मी शिकवायचे त्या शाळेपासून दहा मिनिटांवर, एक उंच दरड होती. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर म्हापशाहून बसने यायचे आणि मला तिचे थर दाखवायचे. तळाला काळा चिखल, त्यात खारफुटीची खोडं आणि कालवांचे शिंपले. समुद्र इथवर होता तेव्हाचे. वर वाऱ्याने आणलेली पांढरट वाळू, कोरड्या काळातली. त्यावर तांबडे गोटे, धो धो पावसाचे. सरांच्या खटपटीने सरकारने कुंपण घातलं, फलक लावला: हात लावण्यास मनाई.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात नदी वळली. पाणी थेट दरडीच्या पायाशी आपटू लागलं. सर अंथरुणाला खिळलेले. पायथ्याला चिरे रचावेत म्हणून मी गावातल्या चौघांना घेऊन गेले, तर रखवालदाराने हात जोडले.

"बाई, माका कामावरसून काढतले. आधी कागद हाडा."

लेखी परवानगी आणायला मी पणजीचं सरकारी कार्यालय गाठलं. कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला.

"मराठीत? आता राजभाषा कोंकणी. कोंकणीत आणा."

"मराठीही चालते ना?"

"साहेब विचारतील मला."

तिथेच बाकावर बसून कोंकणीत लिहिला. जन्मभर घरात बोललेली भाषा, पण लिहायची सवय नव्हती. पेन अडखळत होतं आणि नदी थांबणार नव्हती. तिसऱ्या खेपेला उत्तर मिळालं.

"जागा संरक्षित आहे. दगड ठेवणंही गुन्हा. समिती पाहणी करील."

"कधी?"

"पाऊस गेल्यावर."

मी तिथेच रडले. कुणी वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर एकटीच चिरे वाहू लागले. रखवालदाराने आधी पाठ फिरवली, मग सदरा काढून तोही पाण्यात उतरला. बोटं सोलली. अंधार पडेपर्यंत गुडघाभर बांध झाला.

सकाळी मुलांची प्रार्थना चालू असताना घर पडावं तसा आवाज आला. धावत गेले. दरड कोसळली होती. कुंपण, फलक, बांध, सगळंच नदीत गेलेलं. गढूळ पाण्यावर काळी खोडं फिरत होती.

त्याच दिवशी म्हापशाला जाऊन सरांना सांगितलं. छताकडे पाहतच त्यांनी विचारलं.

"काळ्या थराची जाडी किती भरली होती?"

त्यासाठी उन्हाळ्यात त्यांनी मला टेप दिली होती. सुटी आहे, मोजू सावकाश, म्हणून मी ती कपाटात ठेवून दिली होती.

"मोजली नाही, सर."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी जायला उठले तरी वळले नाहीत.