दहापैकी नऊ

नववीला भाषा शिकवणाऱ्या बाईंना शाळेत सगळे ‘रॉकबाई’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला त्या पुस्तक मिटायच्या, टेबलावर छोटा स्पीकर ठेवायच्या आणि एखादं रॉक गाणं लावायच्या. गाणं दोनदा ऐकायचं, मग ज्याने त्याने आपल्याला लागलेला अर्थ वहीत लिहायचा. कवितेचं नाव काढलं की जांभया देणारी मुलं या तासाला माना खाली घालून लिहीत. बाईंची मोठी बहीण घरी शिवणकाम करायची. ती मशीनवरून मान न उचलता म्हणायची, "एवढा घसा फोडून ओरडतात, तरी अर्थ सांगायला तुझी शिकवणी लागतेच का?"

त्या शुक्रवारचं गाणं बसमधल्या एका माणसाचं होतं. बस शेवटच्या थांब्यावर येते, सगळे उतरतात, हा बसूनच राहतो. कंडक्टर म्हणतो, खाली उतर. मग बराच वेळ नुसती गिटार, आणि माणूस उतरला की नाही ते गाणं सांगतच नाही. कुणी लिहिलं, त्याला झोप लागलीय. कुणी लिहिलं, प्रेमभंग. एकाने तर माणसाकडे तिकीटच नव्हतं असं लिहिलं, आणि बाई खूप हसल्या.

खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसायची. हजेरीला ‘हजर’ म्हणण्यापलीकडे तिचा आवाज कुणी फारसा ऐकलेला नव्हता. तिने लिहिलं होतं : ‘उतरला तर त्याला घरी जावं लागेल आणि घरी तो आल्याचं कुणाच्या लक्षात येणार नाही. बसून राहिलं की निदान कंडक्टर तरी विचारतो.’

बाईंनी शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ मारली. समासात ‘सुंदर’ लिहिलं, दहापैकी नऊ दिले. शिक्षकांच्या खोलीत वही उघडून ते वाक्य सगळ्यांना वाचूनही दाखवलं. "चौदा वर्षांची पोर आहे," त्या कौतुकाने म्हणाल्या. मग घंटा झाली.

पुढच्या बुधवारी मुलगी शाळेत आली नाही. तिने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. वेळेवर दवाखान्यात नेली म्हणून वाचली. दप्तरातली वही घेऊन तिचे वडील सरळ मुख्याध्यापकांकडे आले.

चौकशीला संस्थेची तीन माणसं बसली. त्यांनी गाण्याचे शब्द छापून आणले होते. एकाने चष्मा पुसून विचारलं, "‘खाली उतर’ म्हणजे नेमकं कुठून उतर?"

"बसमधून," बाई म्हणाल्या.

"वरवरचा अर्थ नको. आतला सांगा. तो सांगण्यात तुमचा हातखंडा आहे म्हणे."

मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. त्यांनी मध्ये पडून वाट काढली. "बाई, गाणं अभ्यासक्रमातलं नव्हतं, निवडताना चूक झाली, एवढं लिहून द्या. मी सांभाळून घेतो."

"सर, गाण्याने काही केलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तिने जे लिहिलं ते मी वाचलं. मला ते आवडलं. तिला मी काहीच विचारलं नाही. चूक असेल तर ती ही आहे. हे लिहून घ्या."

लिहून घेणाऱ्याने पेन उचललं आणि शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी हळूच म्हणाला, "ते नको. ते शाळेच्या अंगाशी येईल."

मग गाण्याच्याच नावाने बाईंची नोकरी गेली. चोवीस वर्षांची नोकरी, आणि जो गुन्हा केला नव्हता त्याची शिक्षा. जो केला होता त्याची कुठे नोंदच नाही. बाई घरी आल्या आणि जमिनीवर पसरलेल्या कापडाच्या चिंध्यांतच बसल्या. ताईने मशीन थांबवली. दोन दिवस बाईंनी अन्नाला हात लावला नाही. रेघ मारणारा आपलाच हात पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर यायचा. किती सरळ, देखणी रेघ मारली होती.

आठवड्याने मुलीची आई दारात उभी राहिली. ती कपड्यांना इस्त्री करायच्या कारखान्यात कामाला होती, मनगटावर जुन्या चटक्यांचे डाग होते. बाईंनी मनाची तयारी केली, आता ही बोलेल आणि आपण ऐकून घ्यायचं. पण ती खुर्चीच्या कडेला टेकली आणि पिशवीतून तीच वही काढली.

"बाई, मी सातवीपर्यंत शिकलेय. यातलं मला काही उमगत नाही. सगळी पानं वाचली. गाणं कुठलं, पोरीचं कुठलं, काही सुटं होत नाही. तुम्ही मला अर्थ सांगा."

"मला नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या.

"मग कोणाला येणार?"

दोघी पलंगावर वही ठेवून बसल्या. एकवीस गाणी होती, एकवीस पानं. एका पानावर बंद पडलेलं घड्याळ होतं, एका पानावर पाण्याखाली गेलेलं गाव. प्रत्येक पानावर बाईंचं ‘छान’, ‘वा’, ‘अजून लिही’. आई एकेका ओळीवर बोट ठेवायची. "हे घर म्हणजे आमचं घर का? ही बाई म्हणजे मी का?" बाई काहीतरी सांगायच्या आणि सांगतानाच त्यांना कळायचं की आपण अंदाजपंचे बोलतोय. ही माउली मात्र तो शब्द वेदवाक्यासारखा पदरात घेतेय. शेवटी त्यांनी वही मिटली. "मला माहीत नाही हो. खरंच माहीत नाही. मला फक्त गाण्यांतलं कळतं."

आईने वही पिशवीत घातली आणि ती उठून म्हणाली, "चला माझ्याबरोबर."

दवाखान्यात सहा खाटांची खोली होती. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाई स्टुलावर बसल्या. वाटेत जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे पळाली.

"दहापैकी नऊ दिलेत तुम्ही," मुलगी भिंतीलाच म्हणाली.

"हो."

"एक का कापलात?"

खोटं बोलायचं बाईंना सुचलंही नाही. "ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका होत्या."

मुलीच्या पाठीला हिसका बसला. हसू होतं की रडू, कळायला मार्ग नव्हता. आई धावली, तिने तिला कुशीत ओढलं. बाई उठून उभ्या राहिल्या. तेव्हा मुलगी आईच्या खांद्याआडून म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही तास संपल्यावर थांबवाल. शनिवारी पण थांबले, सोमवारी पण. वर्ग रिकामा होईपर्यंत."

"मला दिसलं नाही गं."

"दिसले होते. तुम्ही म्हणालात, जाताना पंखा बंद कर."

बाई त्यानंतर पुन्हा तिथे गेल्या नाहीत. जायची हिंमत झाली नाही, हे त्या ताईपाशी कबूल करत. मुलीला पुढे दुसऱ्या शाळेत घातलं. आईचा अधूनमधून फोन येतो. काही आठवडे बरे जातात, काही जात नाहीत. डॉक्टरीणबाईंकडे दर पंधरवड्याला नेतात. काय झालं होतं ते पोरीने अजून पुरतं सांगितलेलं नाही. आईने कारखान्यातली दुसरी पाळी सोडली, आता ती शाळा सुटायच्या वेळी घरी असते. पोर बोलली नाही तरी जवळ बसते.

बाई घरीच चार मुलांना व्याकरण शिकवतात. गाणी लावत नाहीत. परवा एका मुलीने ‘माझा दिनक्रम’ या निबंधात लिहिलं, ‘मला हल्ली झोप लागत नाही.’ बाईंच्या हातातलं पेन थांबलं. बाकीच्या तिघांना त्यांनी घरी पाठवलं आणि दार लोटून तिच्यासमोर बसल्या.

"का लागत नाही झोप?"

"शेजारी बांधकाम चाललंय," मुलगी म्हणाली. "पहाटेपासून ठोकतात."

बाईंनी चपला पायात सरकवल्या आणि तिच्याबरोबर तिच्या गल्लीपर्यंत चालत गेल्या. बांधकाम खरंच चाललं होतं. मुलगी आत गेली, दार लागलं. सिमेंटची धूळ अंगावर येत होती, तरी बाई बराच वेळ तिथेच उभ्या होत्या, हातोड्यांचे घाव ऐकत.